खरं सांगणाऱ्या पोराला वाट हवी

गेल्या महिन्यात कोर्टाचं कामकाज आटोपता आटोपता एक मुलगा माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. वय 29, कोरेगाव तालुक्यातला. घरची आल्याची शेती. वडील मागच्या बाकावर टोपी मांडीवर ठेवून बसलेले. मुलानं पिशवीतून एक छापील फॉर्म काढला आणि एका ओळीवर बोट ठेवलं. 'आपल्यावर कधी गुन्हा दाखल झाला आहे काय? होय / नाही.' फॉर्म विमान चालवायला शिकवणाऱ्या एका संस्थेचा होता. बाकी सगळे रकाने स्वच्छ अक्षरात भरलेले, एवढी एक ओळ कोरी.

"मॅडम, इथं 'नाही' लिहिलं तर कुणाला कळणार आहे?"

मी बावीस वर्षं साताऱ्यात वकिली करते. हा प्रश्न मला पोलीस भरतीच्या पोरांनी विचारलाय, सैन्यात निघालेल्या पोरांनी विचारलाय, तलाठ्याच्या परीक्षेला बसलेल्या मुलींनीही विचारलाय. विमानाच्या बाबतीत तो पहिल्यांदाच आला. उत्तर माझ्याकडे तयार होतं: 'नाही' लिहायचं नाही. पण 'होय' लिहिल्यावर पुढे काय, हे सांगणारा एकही कागद मला त्याच्यापुढे ठेवता येईना. हा लेख मी त्या न सापडलेल्या कागदासाठी लिहितेय.

आधी काय घडलं ते. 31 डिसेंबर 2016 ची रात्र. हा तेव्हा 19 वर्षांचा, कॉलेजात. कासच्या बाजूला पार्टी करून दोघं मित्र मोटारसायकलवरून यवतेश्वरचा घाट उतरले आणि समर्थ मंदिराजवळच्या नाकाबंदीत सापडले. मशीनमध्ये फुंकायला लावलं. रक्ताच्या 100 मिलिलिटरमागे 30 मिलिग्रॅमची मर्यादा, याचा आकडा तिच्या तिप्पट. झडतीत जर्किनच्या आतल्या खिशात गांजाची पुडी निघाली. रात्रभर ठाण्यात, सकाळी सिव्हिलला तपासणी, मग कोर्ट. पुढे दारूच्या केसमध्ये 2,000 रुपये दंड आणि कोर्ट उठेपर्यंत उभं राहण्याची शिक्षा, गांजा ओढल्याच्या कलमाखाली आणखी दंड. त्यानंतर आजतागायत त्याच्या नावावर दुसरं काही नाही. मधल्या काळात त्यानं पदवी घेतली, पुण्यात चार वर्षं नोकरी केली, पैसे साठवले. वैमानिक होण्याचं खूळ लहानपणापासूनचं. आजोळ फलटणकडचं, तिथून बारामतीची शिकाऊ विमानं दिसायची.

त्या रात्री घडलं ते किरकोळ होतं, असं मी मुळीच म्हणणार नाही. यवतेश्वरच्या घाटात रात्री दारू पिऊन गाडी घालणं म्हणजे समोरून येणाऱ्या कुणाच्या तरी जिवाशी खेळणं. त्या रात्री कुणी समोरून आलं नाही एवढंच. मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरला दोन तरुण इंजिनियर एका भरधाव गाडीखाली गेले, आणि गाडी चालवणाऱ्या मुलाला जामिनाच्या वेळी 300 शब्दांचा निबंध लिहायला सांगितला म्हणून सगळा महाराष्ट्र पेटून उठला. तो संताप योग्य होता. नशेचंही तसंच. आपल्याकडे हे शहरातलं लोण आहे म्हणून हात झटकायची सोय आता उरलेली नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यात 2024 च्या फेब्रुवारीत कुपवाडला एमडी या अमली पदार्थाचा साठा सापडला, मार्चमध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या इरळीत कारखानाच सापडला, 2025 च्या जानेवारीत विट्याजवळ आणखी एक. ज्या रस्त्यानं द्राक्षं आणि ऊस जातो त्याच रस्त्यानं हे जातंय. 'पोरं आहेत, चालायचंच' असं म्हणणाऱ्यांच्या बाजूनं मी नाही.

तरीही माझं म्हणणं असं आहे की या मुलासाठी कॉकपिटचं दार बंद होता कामा नये. आणि ते उघडं आहे की बंद, हे त्याला आज, फॉर्म भरण्याआधी, लेखी कळायला हवं.

जो आज विमान चालवतोय त्याच्यासाठी आपले नियम काय आहेत ते बघा. नागरी विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजे डीजीसीए, या बाबतीत जगातल्या कडक यंत्रणांपैकी आहे. उड्डाणाआधी 12 तास दारूला हात लावायचा नाही. मशीनवर आकडा शून्यच यायला हवा, थोडं चालतं असं काही नाही. 2023 पासून तर अल्कोहोल असलेल्या माउथवॉशलाही बंदी आहे. एवढं असूनही एखादा वैमानिक चाचणीत सापडला, तर पहिल्या वेळी त्याचा परवाना तीन महिने निलंबित होतो. दुसऱ्यांदा तीन वर्षं. तिसऱ्यांदा रद्द. अमली पदार्थांच्या चाचण्या 2022 च्या जानेवारीअखेरपासून सुरू झाल्या. वैमानिक आणि हवाई वाहतूक नियंत्रकांपैकी किमान 10 टक्के लोकांची दरवर्षी अचानक तपासणी करायची, गांजापासून कोकेनपर्यंत सगळं त्यात आलं. तिथंही पहिल्यांदा सापडलेल्या माणसाला व्यसनमुक्तीकडे पाठवून, पुन्हा तपासून, कामावर परत येण्याची सोय आहे.

म्हणजे प्रवाशांनी भरलेलं विमान घेऊन निघालेला माणूस दारूच्या चाचणीत नापास झाला, तरी तीन महिन्यांनी तो परत येऊ शकतो. माझा त्याला विरोध नाही. पण दहा वर्षांपूर्वी, 19 व्या वर्षी, मोटारसायकलवर सापडलेल्या आणि विमानाच्या पायरीवरही न चढलेल्या मुलाला मात्र काहीच सांगितलं जात नाही. तीन महिने थांब म्हणत नाहीत, दहा वर्षं थांब म्हणत नाहीत, येऊच नको असंही म्हणत नाहीत. त्याचं काय होणार हे संस्थेच्या मालकावर, पडताळणीच्या शेऱ्यावर, पुढे कंपनीत बसलेल्या कुणाच्या तरी मर्जीवर. आणि तोवर पैसे गेलेले असतात. व्यावसायिक परवान्यासाठी 200 तासांचं उड्डाण लागतं, सगळा खर्च चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. त्याचे वडील दोन एकर विकायला तयार आहेत. आल्याची जमीन आहे ती, विहिरीची.

जिथं वाट स्पष्ट नसते तिथं माणूस लपवतो. त्याचे चुलते त्याच दिवशी मला फोनवर म्हणाले, "ताई, ठाण्यात आपली ओळख आहे. जुनी फाईल कुठं जाते काय कळतंय होय?" आपल्या भागात हे सर्रास बोललं जातं, आणि बोलणाऱ्याला त्यात काही वावगं वाटत नाही. पोराचं भलं करतोय असंच त्याला वाटतं. मी त्यांना सांगितलं की फाईलचे दिवस गेले, सीसीटीएनएसमध्ये, म्हणजे पोलिसांच्या संगणकावरच्या नोंदीत, नाव टाकलं की गुन्हा समोर येतो. विमानतळाच्या आत जायचा पास हवा तर पोलिसांकडून पार्श्वभूमी तपासली जाते, त्याशिवाय पास नाही. पण हे सांगताना मलाच बरं वाटेना. पकडला जाशील म्हणून खोटं बोलू नकोस, हा सल्ला अपुरा आहे.

दहा-बारा वर्षांपूर्वी मी स्वतः वेगळा सल्ला दिला होता. गावच्या यात्रेतल्या मारामारीत नाव आलेला एक मुलगा, केस तडजोडीनं मिटलेली, निर्दोष सुटलेला. सरकारी नोकरीचा फॉर्म घेऊन आला. मी म्हणाले, सुटलायस ना, मग लिही 'नाही'. पडताळणीत ते निघालं आणि त्याची नेमणूक गेली. मारामारीमुळे गेली नाही, माहिती दडवल्यामुळे गेली. तो आज वाईला गॅरेज चालवतो, भेटला की नमस्कार करतो, आणि दर वेळी मला तो फॉर्म आठवतो. ती चूक माझी होती.

पुढे 2016 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अवतार सिंग यांच्या प्रकरणात या सगळ्याचा एकत्र विचार केला. विचारलेली माहिती खरीच दिली पाहिजे. तरुण वयातली क्षुल्लक केस दडवली असेल तर नोकरी देणारा ती पोटात घालू शकतो. पण माहिती खरी दिली तरीही उमेदवाराचं पूर्वचरित्र तपासायचा त्याचा हक्क राहतोच, घ्याच म्हणून त्याला भाग पाडता येत नाही. निकाल समंजस आहे. फक्त खरं सांगणाऱ्याचं पुढे काय, हे त्यानं त्या त्या खात्यावर सोडलंय. डीजीसीएनं आपल्यापुरतं ते ठरवून लिहून टाकायला हवं.

अमेरिकेत ते लिहिलेलं आहे. तिथल्या वैद्यकीय तपासणीच्या फॉर्ममध्येच विचारतात: दारू किंवा नशेत गाडी चालवल्याबद्दल कधी अटक झाली का? शिक्षेचं नंतर, आधी अटकेचंच विचारतात. परवाना असलेल्या माणसावर अशी कारवाई झाली तर 60 दिवसांत कळवायचं. तीन वर्षांत अशा दोन गोष्टी घडल्या तर परवाना नाकारता येतो किंवा काढून घेता येतो. अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झाली असेल तर त्या तारखेपासून एक वर्षापर्यंत अर्ज नाकारता येतो. रक्तातलं दारूचं प्रमाण फार होतं असं दिसलं तर व्यसन आहे का याची तज्ज्ञाकडून तपासणी. आणि फॉर्मवर खोटं लिहिलं तर तो गुन्हा, पाच वर्षांपर्यंत तुरुंगवास. यातला प्रत्येक आकडा आपण उचलावा असं मी म्हणत नाही. पण तिकडच्या एखाद्या 19 वर्षांच्या मुलाला आपण कुठं उभे आहोत हे एका दुपारी बसून कळतं.

त्याच देशात लाइल प्राउस नावाचे कॅप्टन होते. मार्च 1990 मध्ये फार्गोहून मिनियापोलिसला प्रवासी विमान नेलं तेव्हा ते आणि त्यांचे दोन्ही सहकारी दारूच्या अमलाखाली होते. विमान सुखरूप उतरलं, पण तिघांना अटक झाली, प्राउस यांना 16 महिन्यांची कैद झाली, सगळे परवाने गेले. सुटल्यावर त्यांनी दारू सोडलेली ठेवली, शिकाऊ मुलासारखे तळापासून सगळे परवाने पुन्हा मिळवले, त्याच कंपनीनं त्यांना परत घेतलं, आणि ते 747 चे कॅप्टन म्हणून निवृत्त झाले. 2001 मध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्यांना माफी दिली. मला स्वतःला एवढ्या टोकाच्या प्रकरणात काय करावं हे ठरवणं अवघड जातं. पण त्यांच्यापुढे वाट होती, ती लांब आणि खडतर होती, आणि ते ती चालले.

आता पलीकडची बाजू. सप्टेंबर 2008 मध्ये रशियात पर्म शहराजवळ प्रवासी विमान कोसळून 88 माणसं गेली. कॅप्टनच्या शरीरात दारू आढळली होती. ज्यांची माणसं अशी जातात त्यांच्यापुढे दुसऱ्या संधीची भाषा कुणाच्या तोंडून निघणार नाही, माझ्याही नाही. म्हणून जो आक्षेप मला सगळ्यात जास्त बोचतो तो असा: देशात लाखो स्वच्छ मुलं रांगेत आहेत, मग डाग असलेलं पोर घ्यायचंच कशाला?

मी यावर पुष्कळ विचार केलाय. रांगेतली सगळी मुलं स्वच्छ आहेत हे आपण कशावरून म्हणतो? त्याच रात्री कासवरून उतरलेल्या किती गाड्या नाकाबंदीआधी वळल्या, किती जणांना फोनवर सोडवलं गेलं, कुणाच्या बापाच्या गाडीला हातच लावला नाही? कागद कोरा असणं आणि माणूस स्वच्छ असणं यातलं अंतर आम्ही कोर्टात रोज बघतो. ज्याच्यावर कागद झाला त्याची निदान तारीख माहीत आहे, प्रमाण माहीत आहे, त्यानंतरची दहा वर्षं तपासता येतात. ज्याचं मिटवलं गेलं त्याचं काहीच तपासता येत नाही. प्रवासी म्हणून विचाराल तर मला भीती या दुसऱ्याची वाटते.

लपवण्याची किंमत काय असते ते 24 मार्च 2015 ला जगानं पाहिलं. बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालेलं जर्मनविंग्जचं विमान सहवैमानिकानं आल्प्सच्या डोंगरावर घातलं, 150 माणसं गेली. तिथं दारूचा संबंध नव्हता, मनाचा आजार होता. डॉक्टरांनी त्याला रजेवर राहायला सांगितलं होतं, ते कागद त्याच्या घरात फाडलेले सापडले. कंपनीला पत्ता नव्हता. सांगितलं तर परवाना जाईल, ही धास्ती तिथं होती. त्यानंतर युरोपनं पहारा वाढवलाच, पण सोबत असाही नियम केला की विमान कंपनीनं वैमानिकांसाठी मदतगट ठेवायचा, जिथं माणूस आपली अडचण सहकाऱ्यापाशी बोलू शकेल. 2021 पासून तो बंधनकारक आहे. एवढी माणसं गमावल्यावर त्यांना उमजलं की सांगणाऱ्याला धाक घालून सुरक्षा वाढत नाही.

म्हणून मला वाटतं, डीजीसीएनं एक पानाचा नियम काढावा. जुनी अटक किंवा शिक्षा असलेल्यानं प्रशिक्षणाला प्रवेश घेण्याआधीच ती जाहीर करावी आणि पैसे भरण्याआधी त्याला लेखी उत्तर मिळावं. एकदाच घडलं असेल तर किती वर्षं निष्कलंक हवीत तो आकडा ठरवावा. माझ्या मते नशेत गाडी चालवल्याला पाच पुरेत, पण सात ठरवले तरी मी भांडणार नाही. व्यसनतज्ज्ञाचा दाखला मागावा. प्रशिक्षणाला प्रवेश देताना अमली पदार्थांची चाचणी आजही घ्यावी लागते, या मुलांची ती पुढेही काही वर्षं अधूनमधून, न सांगता घ्यावी. खर्च त्यांच्याकडूनच घ्या. दोनदा सापडला असेल, कुणी जखमी झालं असेल, किंवा स्वतःसाठी नव्हे तर विकायला माल बाळगला असेल, तर दार बंद. आणि निर्दोष सुटलेल्याला, नुसत्या अटकेवरून, शिक्षा झालेल्याच्या रांगेत उभं करू नये. आपल्याकडे केस झाली की माणूस संपला असं गाव धरून चालतं. सरकारी कागदानं तरी तसं धरू नये.

थोडं आमच्या धंद्याविषयीही बोलायला हवं, कारण या मुलाचं निम्मं नुकसान कोर्टाच्या व्हरांड्यात झालं. त्या वेळी त्याला सगळ्यांनी एकच सांगितलं: कबूल कर, दंड भर, मोकळा हो. दंडाची पावती घेऊन तो मोकळा झाला, आणि शिक्षा मात्र कायमची नावाला चिकटली. अमली पदार्थांच्या कायद्यात प्रोबेशनला जवळजवळ बंदी आहे, पण नुसत्या सेवनाचं जे 27 वं कलम आहे त्याला ती लागू नाही. 1958 च्या परिवीक्षा, म्हणजे प्रोबेशनच्या, कायद्याखाली चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर सोडा, असा अर्ज त्याच्यासाठी करता आला असता. त्या कायद्याचं 12 वं कलम सांगतं की अशा रीतीनं सोडलेल्याला शिक्षेमुळे येणारी अपात्रता लागत नाही. घटनेची नोंद पुसली जात नाही, पण कागद बराच वेगळा दिसतो. तो अर्ज कुणी केलाच नाही, कारण त्याला दोन-चार तारखा जास्त लागतात. अमली पदार्थांच्याच कायद्यात 64 अ कलम आहे. व्यसनी माणूस आपणहून उपचाराला गेला तर सेवनाच्या आणि अल्प प्रमाणात बाळगण्याच्या गुन्ह्यात त्याला खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. किती आईबापांना हे ठाऊक आहे? मी गावोगावच्या शिबिरांतून बोलते तेव्हा हात वर करायला सांगते. एकही हात वर येत नाही. 18 च्या आतल्यांना बालन्याय कायद्यानं मोठं कवच दिलंय, त्यांची नोंदच पुढे नष्ट करायची तरतूद आहे. 19 व्या वर्षाला असं काही नाही. वाढदिवसाच्या एका रात्रीत माणूस एवढा बदलतो, हे मला वकील म्हणून मान्य करावं लागतं, आई म्हणून पटत नाही.

साताऱ्याला हे वेगळं सांगायला नको. आपशिंग्यासारखं गाव इथं आहे, जिथं घरटी माणूस सैन्यात गेलाय. देशातली पहिली सैनिक शाळा 1961 साली इथंच सुरू झाली. 'अंगावर केस घेऊ नको, भरती जाईल' हे वाक्य इथली पोरं मिसरूड फुटायच्या आधीपासून ऐकतात, आणि त्या धाकानं पुष्कळ जण सरळ राहतात हेही खरं. तो धाक मोडावा असं मला वाटत नाही. पण ज्याचा पाय एकदा घसरला त्याला त्या धाकापलीकडचं काहीतरी सांगावं लागतं, आणि तिथं आपण सगळे गप्प होतो.

त्या दिवशी मी मुलाला म्हणाले, 'होय' लिही आणि खाली 'सोबत कागद जोडले आहेत' असं लिही. त्यानं वडिलांकडे पाहिलं. वडील उठून आले, फॉर्म हातात घेतला, बराच वेळ ती ओळ वाचली. मग खिशातलं पेन काढून त्याच्या हातात दिलं आणि परत बाकावर जाऊन बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही नक्कल विभागात अर्ज दिला, दोन्ही केसेसच्या निकालांच्या प्रमाणित प्रतींसाठी. डीजीसीएला आणि त्या संस्थेला एक पत्रही पाठवलंय: इतकं असं आहे, आम्ही ते सांगतोय, प्रवेश घ्यायचा की नाही हे पैसे भरायच्या आधी कळवा. पत्राला अजून उत्तर नाही. नकला मिळायला आठ-दहा दिवस लागतील असं नक्कल विभागातले बाबू म्हणालेत. जुनं रेकॉर्ड आहे, वरच्या माळ्यावरून काढावं लागेल.